ढालवाल्याला कोणी वितळवलं

मी शिवण बघून सांगते, ती कोणाच्या हाताची आहे. ही फुशारकी नव्हे. एकवीस वर्षं मी दुसऱ्यांनी शिवलेलं उसवायचंच काम करते आहे. पँटची उंची कमी कर, कोटाची कंबर सैल कर, चेन बदल. नवं काही शिवत नाही. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि मी. बाहीची शिवण अर्ध्यावर बदलली असेल तर बोटाला लगेच कळतं की इथून पुढे मशीनवर दुसरं कोणीतरी बसलं होतं. त्या मंगळवारी मला हेच कळलं, फक्त कापडावर नाही, मोबाइलवर. पण आधी दादाबद्दल सांगते, कारण हे सगळं त्याच्यापायी झालं.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तेहतीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. आता कामावरून सुटलाय, तरी राहत्या इमारतीची लिफ्ट तोच बघतो, कारण तिला दुसऱ्याने हात लावलेला त्याला खपत नाही. बोलणं मोजकं, हट्ट मुलखाचा. हातावर लोखंडी दार आपटलं तरी ‘काही नाही’ म्हणणारा. एकदा बोट मोडलं होतं, ते आम्हाला चार दिवसांनी कळलं.

वहिनी आजारी पडली तेव्हा दीड वर्ष तो दवाखान्याच्या बाकांवर बसून होता. तिथे त्याच्या जोडीदाराने, पान्याने, त्याला तो मोबाइलवरचा खेळ लावून दिला. पाना म्हणजे लिफ्टच्या कामावरचा त्याचा वीस वर्षांचा सोबती. मागच्या खिशात कायम पाना खोचलेला, म्हणून नावच ते पडलं.

खेळ म्हणावं तर त्यात खेळायचं काहीच नाही. तुमचे पाच योद्धे असतात, ते आपले आपण लढत बसतात. तुम्ही फोन बंद करा, झोपा, कामाला जा, ते लढतायत. जिंकलेलं सगळं एका पेटीत साठत जातं. बारा तासांनी पेटी भरते आणि साठणं थांबतं. मग उघडायची, आतलं योद्ध्यांना खाऊ घालायचं, ते जरा दांडगे होतात, एक पायरी वर चढतात. मग वाटेत एखादा राक्षस आडवा येतो, तो काही केल्या हटत नाही. की पुन्हा वाट बघा.

मी म्हणाले होते, “दादा, हा खेळ आहे की दही लावणं? रात्री विरजायचं आणि सकाळी बघायचं लागलं का.”

वहिनी पडल्या पडल्या हसली होती. पहिला योद्धाही तिनेच निवडलेला. तिघांतून एक घ्यायचा होता आणि दादा अर्धा तास विचार करत बसला होता. तिने सरळ बोट ठेवलं. “हा घ्या, ढालवाला. तोंड तुमच्यासारखंच आहे. कोणीतरी हत्यारांची पेटी पळवल्यासारखं.”

आता हा ढालवाला म्हणजे नवशिक्यांना फुकट मिळणारा म्हातारा. वीसेक पायऱ्या चढलं की सगळे त्याला वितळवतात. खेळात भट्टी आहे, जुना योद्धा तिच्यात घालायचा की त्याच्या बदल्यात नव्यांसाठी माल मिळतो. दादाने त्याला वितळवला नाही. वहिनी गेली, म्हातारा पहिल्या रांगेत उभाच. त्याच्यापायी दादा एकेका राक्षसापुढे महिना महिना अडकायचा. पाना कपाळावर हात मारून घ्यायचा, आणि दादा म्हणायचा, “असू दे.”

वहिनी गेल्यावर मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायला लागले. डबा द्यायचा, कपडे बघायचे, फ्रिज उघडून काय नासलंय ते काढायचं, आणि गोळ्या मोजायच्या. प्रेमच होतं ते, पण माझं प्रेम म्हणजे झडतीच असते, हे मी कबूल करते. एका संध्याकाळी पाना तिथे बसलेला असताना मी गोळ्यांची डबी पालथी केली आणि म्हणाले, “दोन घ्यायच्या राहिल्या आहेत. लहान मूल आहेस का?”

दादा म्हणाला, “मी अजून मेलो नाही. रोज येऊन खात्री करू नकोस.”

आमचे हे म्हणतात, तुझ्या कात्रीला म्यान नाही. खरंय. मी म्हणाले, “बरं. मग मरशील तेव्हा कळव.”

किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून आले. जिन्यातच कळलं होतं की हे बोलायला नको होतं. पण मागे फिरले नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आमच्या घरात पीळ दोघांना सारखाच वाटला गेलाय. त्याने फोन केला नाही, मी केला नाही. असे आठ महिने गेले. रोज सुईत दोरा ओवताना मनात एकच यायचं. तो उद्या गेला, तर माझे त्याच्याशी शेवटचे शब्द हेच.

भांडणानंतर आठवड्याभरातच मला तो खेळ आठवला होता. त्यात संघ असतात, आणि संघाच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे तो शेवटचा कधी येऊन गेला ते दिसतं. आत्ता खेळत असेल तर हिरवा ठिपका. म्हणजे फोन न करता कळेल की माणूस उठलाय, बसलाय, बोट हलवतोय. मी खेळ उतरवून घेतला. नाव घेतलं ‘काळी मांजर’. मला वाटलं, ताकास तूर लागणार नाही.

दादाच्या संघाचं नाव ‘चौथा मजला’. प्रमुख तोच, नाव ‘लिफ्टवाला’. आत जायला पन्नास हजारांची ताकद लागायची. माझी सुरुवातीला नऊशे. तो दोरा बॉबिनवर भरतानाचा, इस्त्री तापतानाचा वेळ असतो ना, तेवढ्यात मी पेटी उघडायची आणि पाचही जणांना सारखं वाटायची. चौथ्या पायरीवर अडकले ती पंधरा दिवस. आमचे हे चष्म्यावरून बघून म्हणाले, “सगळ्यांना सारखं वाढायला ती काय तुझी पोरं आहेत? एकाला तगडा कर, तो बाकीच्यांना ओढेल.” यांचं ऐकायची सवय नाही मला, पण ऐकलं. तिरंदाजाला जास्त घातलं आणि दुसऱ्या दिवशी राक्षस पडला. तरी सवय कुठे जाते. थोडं पुढे सरकलं की पुन्हा हात पाची ताटांत.

दोन महिन्यांनी माझी ताकद झाली अडतीस हजार. धीर निघेना म्हणून तशीच अर्जाची कळ दाबली. तीन मिनिटांत आत. मला वाटलं, नशीब फळफळलं.

तेव्हापासून माझा दिवस त्याच्या नावाने उजाडायचा. तो सकाळी सहाला पेटी उघडायचा, दुपारी दोनला आणि रात्री झोपताना. सहा वाजून पाच मिनिटांनी यादी बघायची, ठिपका दिसला की जीव भांड्यात, मग चहाचं आधण. संघाच्या गप्पांत मी कधी अक्षर लिहिलं नाही. तोही फार लिहायचा नाही. एकदा मात्र त्याने सगळ्यांसाठी लिहिलं होतं, ‘थंडी सुरू झाली, कान झाकून बाहेर पडा.’ मी म्हटलं, म्हातारपण लागलं याला, तीस अनोळखी लोकांच्या कानांची काळजी करतोय.

तर तो मंगळवार. सकाळी सहाला ठिपका नाही. सात, आठ, नाही. माझ्या हाताला कामच सुचेना. एकाच चेनीवर तीनदा सुई मोडली. नऊ वाजून सतरा मिनिटांनी ठिपका आला आणि मी स्वतःलाच हसले. झोप लागली असेल मेल्याला, म्हटलं.

एक वाजता डबा उघडला आणि सहज त्याच्या नावावर बोट ठेवलं. नावावर बोट ठेवलं की त्या माणसाचे पाच योद्धे दिसतात. पहिल्या रांगेत म्हातारा नव्हता. त्याच्या जागी एक आगीची बाई, लखलखीत, नवी. दादाची ताकद एका सकाळीत चाळीस हजारांनी वाढली होती.

घास हातात तसाच राहिला. वहिनीच्या बोटाने निवडलेला म्हातारा दादा स्वतःच्या हाताने भट्टीत घालणार नाही. हात कापून देईल, पण हे करणार नाही. आणि वेळ तरी कसली, सव्वानऊ? ही शिवण दादाच्या हाताची नव्हती.

ठिपका हिरवाच होता. मी पहिल्यांदा गप्पांत लिहिलं, ‘म्हातारा कुठे गेला?’

लगेच उत्तर आलं. ‘वितळवला. उगाच जागा अडवून बसला होता.’

त्याच्या नावाने कोणीतरी भलताच बोलत होता. मी लिहिलं, ‘कोण आहेस तू?’

ठिपका विझला.

आठ महिन्यांत पहिल्यांदा मी दादाचा नंबर लावला. पूर्ण वाजला, कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तर मध्येच कापला. म्हणजे फोन कोणाच्या तरी हातात आहे आणि त्या हाताला माझ्याशी बोलायचं नाही. चोर असेल. नाहीतर दादा कुठेतरी पडलाय आणि फोन भलत्याच्या खिशात. डोकं नको नको ते दाखवायला लागलं. एका कोटाची बाही अर्धी उसवलेली होती, गिऱ्हाईक चारला येणार होतं. मी दुकान तसंच ओढून घेतलं आणि निघाले.

त्याच्या इमारतीत शिरले तर लिफ्टच्या दारावर पाटी, ‘बंद’. तेरा वर्षांत ती लिफ्ट एक दिवस बंद राहिलेली मी बघितली नव्हती. चार मजले चढले. दार ठोकलं, हाका मारल्या, दाराला कान लावला. आत नळ टपटपत होता, बाकी काही नाही. किल्लीची आठवण झाली आणि मी स्वतःला मोठ्याने शिवी दिली. आठ महिन्यांपूर्वी किती ऐटीत ठेवून आले होते टेबलावर.

माझ्या आवाजाने रखवालदार वर आला. धापा टाकत म्हणाला, “बाई, दार फोडाल. ते घरात नाहीत.”

“कुठे आहेत?”

“काल सकाळी गेले. पिशवी घेऊन, त्या पानावाल्याबरोबर. जाताना लिफ्ट स्वतः बंद केली, म्हणाले मी येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही.”

“गेले कुठे पण?”

तो भिंतीकडे बघायला लागला. “सांगू नको म्हणालेत.”

“कोणाला?”

“असं कोणाला नाही. तुम्हालाच.”

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. आमचे हे या नजरेला घाबरून एकदा गच्चीवर जाऊन बसले होते. रखवालदाराने लगेच सांगितलं, “पुलापलीकडचा हृदयाचा दवाखाना. आज ऑपरेशन आहे.”

पूल कसा ओलांडला ते मला सांगता येणार नाही. गाडीत शेजारच्या बाईने विचारलं बरं वाटत नाही का, एवढंच आठवतं. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर लांबलचक व्हरांडा, एका बाजूला बाक, टोकाला दुहेरी दार आणि त्याच्यावर लाल दिवा. बाकावर पाना बसला होता. दादाचा फोन त्याच्या हातात होता आणि अंगठा चालू होता.

मी समोर उभी राहिले तेव्हा त्याने वर बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

“ताई,” तो म्हणाला.

“जिवंत आहे का?”

“आहे. आत आहे. अकराला नेलाय. झडप बदलतायत हृदयाची. चार-पाच तास म्हणाले.”

मी शेजारी बसले आणि विचारलं, “आणि हा फोन?”

पान्याने सगळं ओकलं. त्यांच्या संघात ही रीतच आहे. कोणी गावाला गेलं, आजारी पडलं, की दुसरा त्याच्या नावाने आत जाऊन त्याची पेटी उघडतो, म्हणजे कष्ट वाया जात नाहीत. दादाने त्याला बजावलं होतं, सहा, दोन आणि दहा, वेळ चुकवायची नाही, ठिपका दिसलाच पाहिजे. आज कागदपत्रांच्या गडबडीत सकाळचे सहा चुकले. आणि म्हाताऱ्याचं म्हणाल, तर दादा बरा होऊन येईल तेव्हा दहा पायऱ्या वर बघून खूश होईल असं त्याला वाटलं होतं.

“पेटीसाठी एवढं?” मी म्हणाले. “छाती फाडून घ्यायला निघालेला माणूस ठिपक्याची काळजी करतो?”

पाना खाली बघत म्हणाला, “पेटीसाठी नाही, ताई. तुमच्यासाठी. म्हणाला, ठिपका नाही दिसला तर मांजर धावत येईल. तिला बाकावर बसून झुरायला लावू नको. झालं की सांगू.”

मी म्हणाले, “त्याला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. तुमचा अर्ज आला तेव्हा शेजारीच होतो मी. तुमचे योद्धे बघून हसायला लागला. म्हणाला, पाचही जणांना सारखं वाढणारी बाई जगात एकच आहे. पन्नासाची अट त्याने तिथल्या तिथे पस्तीसवर आणली.”

अनोळखी तीस जणांना कान झाकायला सांगणारा दादा. थंडीत माझा उजवा कान लहानपणापासून ठणकतो. काखेत कळसा आणि मी सहा महिने गावभर शोधत होते.

“मग मला कळवलं का नाही?” मी विचारलं, पण उत्तर मला आधीच ठाऊक होतं, आणि ते यायला नको असं वाटत होतं.

पाना म्हणाला, “मीही तेच म्हणालो. तर म्हणाला, तिने मेल्यावर कळवायला सांगितलंय. अजून मेलो कुठे?”

लाल दिवा तसाच होता. मी रडले, तोंडावर ओढणी धरून, चांगली दहा मिनिटं. पाना शेजारी अवघडून बसला. मग मी तोंड पुसलं आणि म्हणाले, “म्हातारा परत आणता येतो का?”

“येतो. वितळवलेला तीन दिवसांत परत काढता येतो. पण तीन हजार हिरे जातात. दादाने वर्षभर साठवलेत, सगळे संपतील. आणि येईल तो पहिल्या पायरीचा, साफ दुबळा.”

“आण.”

“ताई, तेवढ्या हिऱ्यांत चार नवे योद्धे येतील.”

“पाना, आण म्हणाले ना.”

त्याने कळ दाबली. हिऱ्यांचा आकडा घसरत घसरत चाळीसवर आला आणि म्हातारा उभा राहिला, ढाल धरून, कोणीतरी हत्यारांची पेटी पळवल्यासारख्या तोंडाने. मी फोन ओढून घेतला. पेटीत जे होतं ते सगळं त्याला घातलं. आगीच्या बाईला नाही, तिरंदाजाला नाही, एकट्याला. आयुष्यात पहिल्यांदा पाच ताटांतलं एकाच ताटात वाढलं. तीन वाजले, साडेतीन वाजले. दुकानासमोर आता गिऱ्हाईक येऊन उभं राहील हेही मनात आलं आणि गेलं. साडेचारला म्हातारा बेचाळिसाव्या पायरीवर होता आणि दिवा अजून लाल.

पाच वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि विचारलं, “त्यांचं कोण?”

“बहीण,” मी म्हणाले.

“वेळ लागला, मध्ये रक्तस्राव थांबत नव्हता. पण आता ठीक आहेत.”

दोन दिवस मी त्याला फक्त काचेतून बघितलं. नळ्या, पट्ट्या, पांढरी पडलेली दाढी. तिसऱ्या दिवशी त्याला खाली आणलं आणि मला खाटेशी बसू दिलं. त्याने डोळे उघडले, मला बघितलं.

“पान्याने सांगितलं?”

“म्हाताऱ्याने सांगितलं,” मी म्हणाले.

त्याने डोळे मिटले. “वितळवला ना त्या गाढवाने?”

“परत आणलाय. हिरे गेले तुझे.”

“जाऊ देत. कितव्या पायरीवर आहे?”

“एकसष्ट. तीन दिवस त्यालाच घालतेय.”

तो हसायला गेला आणि छातीला हात लावून थांबला. मला जे बोलायचं होतं ते मी तीन दिवस ओठांवर घोळवत होते. “दादा, ते मी मरशील तेव्हा कळव म्हणाले होते. ते मी मागे घेते. ताप आला तरी कळव. शिंक आली तरी कळव.”

तो छताकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरलं, आणि ते मी ओढणीने पुसलं.

“किल्ली पान्याकडे आहे,” तो म्हणाला. “घे. रोज ये. फक्त गोळ्या मोजू नकोस.”

“नाही मोजणार.”

तेवढ्यात नर्स आली, छोट्या वाटीत तीन गोळ्या आणि पाणी ठेवून पुढच्या खाटेकडे गेली. दादाने दोन घेतल्या, पाण्याचा घोट प्यायला आणि मान मागे टेकली. तिसरी वाटीत तशीच होती. मी खिडकीकडे तोंड केलं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं, त्या मी मोजल्या. अकरा झाल्या, तेव्हा कुठे मागे वाटी वाजली.